अंधेरीत राखून ठेवलेला आवाज

संस्थेच्या वॉकचा टी-शर्ट मी आता फरशी पुसायला घेतला आहे. जांभळा रंग, पाठीवर ‘एक पाऊल आशेकडे’ असं छापलेलं. कापड चांगलं आहे, पाणी छान शोषतं. बोरिवलीच्या बाईंना कळलं तर वाईट वाटेल, म्हणून त्या घरी येणार असल्या की मी तो बाल्कनीतून काढून ठेवते. त्यांच्यावर माझा राग नाही. संस्थेवरही नाही. पण राग कुठेतरी काढावा लागतो, आणि फरशी रोज मळते.

माझा नवरा गेला त्याला वर्ष उलटून गेलं. त्याला झालेल्या आजारात मेंदूचे निरोप स्नायूंपर्यंत पोचवणाऱ्या नसा हळूहळू मरत जातात. कुणाचे आधी हात जातात, कुणाचे पाय. याची जीभ आधी गेली. शब्द जड यायला लागले तेव्हा आम्हाला वाटलं, दाढ दुखत असेल. मग वाटलं, ॲसिडिटी. मुंबईत माणसाला काहीही झालं तरी आधी ॲसिडिटीच होते. शेवटी मोठ्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरांनी त्याला जीभ बाहेर काढायला लावली आणि बराच वेळ बघत राहिले. मग एक गोळी लिहून दिली. हिने वेग जरासा कमी होईल, त्यापलीकडे काही नाही, असं स्वच्छ सांगितलं. त्याच कागदावर खाली एक फोन नंबर लिहिला आणि म्हणाले, “यांना फोन करा. चांगली माणसं आहेत.”

आम्ही दोघं जिना उतरलो. मी विचारलं, “काय करूया रे?” तो म्हणाला, “चाय पिवया.” तो चहा पिताना त्याला दोनदा ठसका लागला.

नंबर संस्थेचा होता. या एकाच आजारासाठी देशभर काम करणारी संस्था. मुख्य कचेरी दुसऱ्या शहरात, आणि मुंबईची शाखा म्हणजे घाटकोपरच्या एका शाळेचा हॉल, महिन्यातून एक रविवार, आणि बोरिवलीच्या बाई. बाईंचा नवरा याच आजाराने गेलेला. त्या सगळ्या उपनगरांत फिरायच्या. कुणाला व्हीलचेअर पोचवायची, कुणाच्या घरी फिजिओथेरपिस्ट पाठवायचा, कुणाच्या बायकोचं रडणं फोनवर ऐकायचं, अशी त्यांची कामं. आमच्याकडे मुलुंडला पहिल्यांदा आल्या तेव्हा पाणीसुद्धा न पिता त्यांनी त्याला आधी गिळायला शिकवलं. हनुवटी खाली, छोटा घोट, बोलायचं नाही. इतक्या दिवसांत कुणी सांगितलं नव्हतं हे. मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं होतं.

घाटकोपरच्या हॉलमध्ये मात्र माझा जीव गुदमरायचा. तिथे आपला उद्या समोरच्या खुर्चीत बसलेला असतो. आम्ही गेलो तेव्हा हा चालत होता, हसत होता, वडा मागून घेत होता. पलीकडे एक गृहस्थ होते, त्यांची मान पट्ट्याने खुर्चीला बांधलेली. त्यांची बायको माझ्याकडे बघून ओळखीचं हसली. मी मान फिरवली.

एका रविवारी संशोधन करणारे एक डॉक्टर आले होते. संस्था वॉक काढते, देणग्या गोळा करते, आणि त्यातला मोठा हिस्सा यांच्यासारख्यांच्या प्रयोगशाळांना जातो. पडद्यावर पेशींची चित्रं दाखवून झाली. कुणीतरी मागून विचारलं, औषध कधी निघणार? डॉक्टर तरुण होते, खोटं बोलायची सवय झाली नव्हती. म्हणाले, निघेल, आम्हाला खात्री आहे, पण इथे बसलेल्यांना त्याचा उपयोग होईल असं मी सांगू शकत नाही. तुम्ही जे रक्ताचे नमुने देताय ते पुढे येणाऱ्या रुग्णांसाठी. हा माझ्या कानाशी वाकला आणि जड जिभेने म्हणाला, “म्हणजे आमी बियाक राखलेली तवशी.” वेलावर एखादी काकडी बियाण्यासाठी सोडून देतात. ती पिवळी पडते, वाळते, तिला कुणी खात नाही. त्या शांततेत मला खुदकन हसू आलं. लोकांनी वळून पाहिलं. मग मला जे रडू फुटलं ते बोरिवलीच्या बाई मला बाहेर व्हरांड्यात घेऊन गेल्या तरी थांबेना.

अशी मालवणी तो माझ्याशी बोलायचा, त्याच्या भावाशी बोलायचा, आणि सगळ्यात जास्त त्याच्या आईशी. मी मूळची मुलुंडची, माझ्या माहेरी ही भाषा नाही. पण लग्नानंतर कान सरावले. त्याचे वडील गिरणीत होते. गिरणी बंद पडली आणि वडीलही फार टिकले नाहीत. मग सासूबाई कुडाळजवळच्या गावी थोरल्या दिरांकडे राहायला गेल्या आणि हा विक्रोळीच्या चाळीत मामांकडे राहून शिकला, तिथल्याच कारखान्यात लागला. तेव्हापासून रविवारी दुपारी गावाला फोन करायचा हा नेम. “काय गो आये, जेवलंस?” इथून सुरुवात. मग माशांचे भाव, शेजारणीची म्हैस, कुणाचं लग्न मोडलं, कुणाच्या अंगात काय आलं. दोघं फोनवर भांडायचीसुद्धा. शेवटी तो खोटंखोटं ओरडायचा, “ठेव आता, बिल येता माका!” आता कुठे आलंय फोनचं बिल, पण तो विनोद सुटला नव्हता.

आजाराचं नाव कळलं त्या दिवशी त्याने मला एकच गोष्ट सांगितली. “आवशीक कळाक नको.” सासूबाईंचं हृदय नाजूक होतं, मुंबईचा प्रवास त्यांना आता झेपणारा नव्हता, आणि हा धाकटा झील, म्हणजे मुलगा, त्यांचा फार लाडका. दीर आणि जाऊबाईंना सगळं सांगितलं, त्यांनीही तोंड बंद ठेवलं. फोनवर तो म्हणायचा, “घसो बसलो हा.” सासूबाई सांगायच्या, खडीसाखर चघळ, मिरी चघळ, थंड पाणी पिऊ नको. गावाहून येणाऱ्या कुणाकडे तरी ओव्याची पुडी यायची. बोलणं दर आठवड्याला थोडं थोडं वितळत चाललं होतं, आणि दर आठवड्याला घसा बसलेलाच होता.

आवाज राखून ठेवता येतो, हे बोरिवलीच्या बाईंनीच सांगितलं. संस्थेच्या पैशावर एका इंजिनीअरिंग कॉलेजात काम चाललं होतं. रुग्णाचं बोलणं जायच्या आत त्याच्याकडून भरपूर वाक्यं वाचून घ्यायची, आणि त्यातून संगणकाने त्याचा आवाज तयार करायचा. मग टॅबवर टाइप केलं की टॅब त्याच्या आवाजात बोलणार. इंग्रजी, हिंदीचं झालं होतं, मराठीचं नुकतंच सुरू होत होतं. मी त्या आजाराच्या काळात इतका उजळलेला त्याचा चेहरा दुसऱ्या कुठल्याच बातमीने पाहिला नाही. ते उजळणं माझ्यासाठी नव्हतं, हे मला कळत होतं. रिक्षात बसल्यावर तो म्हणाला, “रविवारचो फोन वाचलो.” थोड्या वेळाने म्हणाला, “मी नसलंय तरी तू टाइप कर. तिका कळाचा नाय.” मी म्हटलं, वेडा आहेस का रे तू, असलं काही बोलू नकोस. पण तो मस्करी करत नव्हता. त्याच्या आईने तिच्या शेवटापर्यंत आपला आवाज ऐकावा, एवढंच त्याला हवं होतं. औषधाची आशा त्याने घाटकोपरच्या हॉलमध्येच सोडली होती. ही एक धरून ठेवली होती.

घाई होती. जीभ रोज थोडी जात होती. अंधेरीत जाहिरातींना आवाज देण्याचा एक स्टुडिओ आहे, त्याचा मालक संस्थेच्या ओळखीचा. सुट्टीच्या दिवशी स्टुडिओ फुकट द्यायला तो तयार झाला.

इथे त्याच्याविषयी एक गोष्ट सांगायला हवी. कारखान्याच्या गणेशोत्सवात सूत्रसंचालन नेहमी त्याच्याकडे असायचं. शाळेत असताना मालवणी बोलला म्हणून मास्तरांनी त्याला अख्ख्या वर्गासमोर ‘कोकणातला बोकड’ म्हणून उभं केलं होतं, तेव्हापासून त्याने शुद्ध मराठीचा ध्यास घेतलेला. माईक हातात आला की तो दुसराच माणूस व्हायचा. ‘रसिकहो, नमस्कार,’ असा भारदस्त, खालच्या पट्टीतला आवाज लावायचा. मी पहिल्यांदा त्याला ऐकलं ते तिथेच. घरी आल्यावर तो आवाज कोटासारखा काढून खुंटीला टांगायचा आणि म्हणायचा, “गो, पेज आसा काय?”

अंधेरीला जायचं त्या दिवशी त्याने इस्त्रीचा शर्ट घातला. रिक्षात तो एक शब्द बोलला नाही, जीभ वाचवत होता. स्टुडिओत काचेपलीकडे त्याला उंच स्टुलावर बसवलं, कानांवर हेडफोन, समोर हा एवढा माईक. संगणकासाठी कॉलेजने पाठवलेली वाक्यं त्याने आधी वाचली, सगळी वर्तमानपत्री. मग बोरिवलीच्या बाई माईकवरून म्हणाल्या, “आता तुमची स्वतःची वाक्यं हं. घरी बोलता तशी. आईंशी बोलता तशीच बोला.”

तो “हो हो” म्हणाला. खिशातून कागद काढला. घसा साफ केला, पाठ ताठ केली, आणि जिभेत उरलं होतं नव्हतं ते सगळं बळ एकवटून म्हणाला, “नमस्कार आई. तुझी प्रकृती कशी आहे?”

काय सुंदर म्हणाला! एकही अक्षर अडखळलं नाही. “तू जेवण केलेस का? औषधे वेळेवर घेत जा. इकडे आम्ही सर्व जण कुशल आहोत.” रेकॉर्डिंग करणारे गृहस्थ म्हणाले, साहेब, तुम्ही आमच्याकडे डबिंगला यायला हवं होतं. बोरिवलीच्या बाईंनी टाळ्या वाजवल्या, मी डोळे पुसले. मध्ये विश्रांती घेत घेत त्याने सगळा कागद संपवला आणि घामाघूम होऊन बाहेर आला. चेहऱ्यावर गणेशोत्सवातल्या रात्रीसारखं तेज. आमच्यापैकी कुणालाच काही खटकलं नाही. आमच्या लोकांना माईकसमोर घरचं बोलताच येत नाही. तिथे माणूस आपलं चांगलं तेच काढून ठेवतो, पाहुण्यांसाठी काचेचे पेले काढतात तसं.

त्यानंतर त्याचं बोलणं फार दिवस राहिलं नाही. आधी शब्द गेले, मग नुसते आवाज उरले, मग तेही त्याने लाजेने बंद केले. रविवारी मीच फोन करायचे. तो कामावर गेलाय, तो बाथरूममध्ये आहे, डॉक्टरांनी घशाला विश्रांती द्यायला सांगितलंय. सासूबाई ऐकून घ्यायच्या आणि गप्प व्हायच्या. फोन स्पीकरवर असायचा. तो शेजारी बसून आईचा श्वास ऐकायचा.

अखेर टॅब आला. बोरिवलीच्या बाई स्वतः घेऊन आल्या. त्याने एका बोटाने टाइप केलं आणि दिवाणखान्यात त्याचा आवाज उमटला. “माझ्या पत्नीचे आभार.” बाई म्हणाल्या, “बघा! अगदी तेच आहेत ना?” अगदी तोच होता. मंडपातला. मी हसून मान हलवली आणि स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला धरून उभी राहिले. हा आवाज आमच्या घरात कधी बोललाच नव्हता.

त्यालाही कळलं होतं. बाई गेल्यावर त्याने टाइप केलं, “काय गो आये, जेवलंस?” आणि टॅबने ते बातम्या वाचावं तसं वाचलं. प्रत्येक शब्द वेगळा, स्वच्छ, धुतलेला. त्यात तो हेल नव्हता, ते ओढणं नव्हतं, चिडवणं नव्हतं. त्याने पुन्हा टाइप केलं. पुन्हा तसंच. मी बाईंना फोन केला. त्या बिचाऱ्या म्हणाल्या, पुन्हा रेकॉर्ड करायला आवाज कुठून आणायचा? घरातलं काही जुनं रेकॉर्डिंग असेल तर बघा, कॉलेजवाले प्रयत्न करतील.

मी सगळं घर पालथं घातलं. जुने फोन चार्ज केले, भाच्यांकडून लग्नांचे व्हिडिओ मागवले. गावच्या गणपतीचे व्हिडिओ होते, पण काढणारा तोच, म्हणून आवाज बाकी सगळ्यांचे. व्हॉइस मेसेजचा त्याला कंटाळा. जिथे जिथे तो सापडला तिथे तिथे त्याच्या हातात माईक होता. ‘रसिकहो, नमस्कार.’ इतक्या वर्षांत तो माझ्याशी जे काही बोलला त्यातलं एक वाक्य कुठे शिल्लक नव्हतं. मी जमिनीवर त्या फोनांच्या पसाऱ्यात बसून होते. देशभरातून लोकांनी पैसे दिले होते, हुशार मुलांनी महिनोन् महिने काम केलं होतं, सगळं फुकट आलं होतं हातात. आणि मला त्या सगळ्याची आग लागली होती. आजही लागते. आभार मानायला हवेत हे कळतं म्हणून आणखी लागते.

तो मात्र फोन करायचं म्हणून अडून बसला. मी म्हटलं, नको रे, राहू दे. त्याने टाइप करून दाखवलं, आवाज माझाच आहे, आई ओळखेल. आईने मुलाचा आवाज ओळखायचा नाही तर कुणी?

रविवारची दुपार होती. दीर आणि जाऊबाई कुठल्याशा बारशाला गेले होते, सासूबाई घरी एकट्या. मी नंबर लावला, फोन स्पीकरवर टाकून टॅबच्या जवळ धरला. अंधेरीत वाचलेल्या कागदावरचं वाक्य त्याने टॅबवर निवडलं.

“नमस्कार आई. तुझी प्रकृती कशी आहे?”

पलीकडून सासूबाईंचा आवाज आला, सावरलेला, अदबीचा. डोक्यावर पदर घेऊन बोलाव्यात तसा. “कोण? तुमी कोण बोलतास?”

त्याने टाइप केलं. “आई, मी बोलत आहे.”

“हा, सायबानू. बरी आसंय मी. माझो झील खय आसा? तेका जरा फोन दिया.”

त्याने घाईघाईने टाइप केलं. अक्षरं चुकली, खोडली, पुन्हा लिहिली. मला त्याचं बोट धरावंसं वाटत होतं. टॅब म्हणाला, “आये, मी गो. तुझो झील.” बातम्यांच्या आवाजात.

सासूबाई थोडं हसल्या. परक्या माणसाने आपल्यासाठी त्रास घेतला की हसतात तसं. “माझ्यासाठी मालवणी बोला नको सायबानू. माका मराठी कळता. मुंबयत ऱ्हवलंय मी.” मग आवाज खाली गेला. “तुमी डॉक्टर काय? तेका काय झाला हा?”

मी फोनकडे हात नेला. काहीतरी सांगून टाकावं, टीव्हीचा आवाज आहे म्हणावं, काहीही. त्याने माझा हात बाजूला सारला. तो टॅबकडे बघत होता. त्याच्या तोंडातून लाळ गळत होती आणि त्याने ती पुसली नाही. मग तो सावकाश लिहायला लागला. या वेळी एकही अक्षर चुकलं नाही.

“काळजी करू नका आजी. त्यांचा घसा बसला आहे. बरे होतील.”

“तसा काय? बरा झाला सांगितलास.” पलीकडून सुस्कारा ऐकू आला. “तेका सांगा, आवस इचारी होती. थंडा पाणी पिव नको म्हणान सांगा.”

“हो आजी. सांगतो त्यांना.”

“देव तुमचा बरा करूंदे,” असं म्हणून सासूबाईंनी फोन ठेवला.